कॉलेज बास्केटबॉल: चोर सोडून संन्याशाला फाशी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा २०२५-२६ चा हंगाम ३ नोव्हेंबर २०२५ ला सुरू झाला. या खेळाविषयी मराठीत क्वचितच काही छापून येते आणि आले की सूर ठरलेला असतो: खेळाडूंना पैसे मिळू लागले आणि विद्यापीठांचा निर्मळ खेळ नासला. खेळ बिघडला आहे हे मलाही मान्य आहे. पण दोष ज्याच्या माथी मारला जातो, तो त्यातला सर्वांत कमी अपराधी आहे.

आधी पैशाचे बोलू. एनसीएए ही तिथली विद्यापीठ क्रीडा संघटना. मार्चमधल्या पुरुषांच्या स्पर्धेच्या प्रक्षेपणासाठी तिने २०१० मध्ये सीबीएस आणि टर्नर यांच्याशी १४ वर्षांचा १०८० कोटी डॉलरचा करार केला. २०१६ मध्ये तो आणखी ८८० कोटी डॉलर घेऊन २०३२ पर्यंत वाढवला. प्रशिक्षक तेव्हाही वर्षाला लाखो डॉलर घेत होते. पैसा होताच, फक्त जो घाम गाळत होता त्याच्या हाती शिष्यवृत्तीपलीकडे काही पडत नव्हते. १९९५ मध्ये यूसीएलए विद्यापीठाला विजेतेपद मिळवून देणारा एड ओ'बॅनन याला पुढे एका व्हिडिओ गेममध्ये हुबेहूब आपल्यासारखा खेळाडू दिसला. त्याबद्दल त्याला एक पैसाही मिळाला नव्हता. २००९ मध्ये तो न्यायालयात गेला. तिथून सुरू झालेली लढाई जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंच्या बाजूने ९ विरुद्ध ० असा दिलेल्या अॅल्स्टन निकालापर्यंत पोचली. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाली. यालाच तिथे एनआयएल म्हणतात. ६ जून २०२५ रोजी खेळाडूंनी केलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर झाली आणि विद्यापीठाने स्वतः खेळाडूंना पैसे द्यायचा रस्ता खुला झाला. माजी खेळाडूंना थकबाकीपोटी १० वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर मिळायचे आहेत.

२०२५-२६ मध्ये एका विद्यापीठाला सगळ्या खेळांत मिळून जास्तीत जास्त २ कोटी ५ लाख डॉलर वाटता येतात. बड्या कॉन्फरन्समधल्या (कॉन्फरन्स म्हणजे आपसांत साखळी सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) विद्यापीठांच्या सरासरी क्रीडा उत्पन्नाच्या २२ टक्क्यांवर ही मर्यादा बेतली आहे. थकबाकीच्या वाटपात अमेरिकन फुटबॉलला ७५ टक्के, पुरुषांच्या बास्केटबॉलला १५, महिलांच्या बास्केटबॉलला ५ आणि उरलेल्या सगळ्या खेळांना ५ असे प्रमाण ठरले होते. पुढच्या वाटपालाही बऱ्याच ठिकाणी तेच धरले जाते. त्या हिशेबाने पुरुषांच्या बास्केटबॉल संघाच्या वाट्याला सुमारे ३० लाख ७५ हजार डॉलर येतात. संघात आता १५ जण ठेवता येतात, म्हणजे सरासरी माणशी २ लाखांच्या आसपास. प्रत्यक्षात मोठा वाटा पहिल्या पाच-सहा जणांना जातो आणि बाहेरच्या जाहिरातींचे वेगळे. ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा प्रत्येक बाहेरचा करार आता एका केंद्रीय यंत्रणेकडे नोंदवावा लागतो. त्यामागे खरा व्यवसाय आहे की जाहिरातीच्या नावाखाली दिलेला पगार, हे तिथे तपासले जाते. हे सगळे मिळूनही शंभरातले ७८ रुपये विद्यापीठाकडेच राहतात. यात नासण्यासारखे काय आहे?

उलट ज्या विद्यापीठांकडे फुटबॉलचा मोठा संघच नाही, त्यांना या मर्यादेत बास्केटबॉलवर अधिक खर्च करता येतो. बिग ईस्टमधली सेंट जॉन्स, मार्केट, क्रेटन ही अशी विद्यापीठे. पैशानेच खेळ एकतर्फी केला असता, तर निदान इथे तरी उलटे वारे वाहायला हवे होते.

मग २०२५ च्या मार्चमध्ये असे का झाले? अंतिम १६ मध्ये पोचलेले सगळेच्या सगळे संघ चार बड्या कॉन्फरन्सचे होते: एसईसीचे ७, बिग टेनचे ४, बिग ट्वेल्व्हचे ४ आणि एसीसीचा एक. स्पर्धा चार विभागांत होते आणि प्रत्येक विभागात १ ते १६ मानांकने असतात; अंतिम चौघे म्हणजे चारही विभागांतले पहिले मानांकित. असे याआधी फक्त २००८ मध्ये घडले होते. एका वर्षावरून सिद्धान्त मांडू नये, हे खरे. पण या खेळाची गोडीच मुळी उलथापालथीत आहे. २०१८ मध्ये १६ व्या मानांकित यूएमबीसीने पहिल्या मानांकित व्हर्जिनियाला ७४-५४ असे धुतले. २०२२ मध्ये १५ वे मानांकन असलेले सेंट पीटर्स केंटकी आणि पर्ड्यूला घरी पाठवून अंतिम आठांत गेले. २०२३ मध्ये फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला ६३-५८ असे हरवले. या खेळाला चाहते मिळवून दिले ते असल्या रात्रींनी. त्या आटायला लागल्या असतील तर कारण शोधायला हवे, आणि माझ्या मते ते वेळापत्रकात सापडते.

२०२५-२६ च्या नियमांनुसार स्पर्धेत ६८ संघ असतात. ३१ कॉन्फरन्सच्या हंगामअखेरच्या स्पर्धांचे विजेते थेट येतात, उरलेले ३७ निवड समिती निवडते. समितीत १२ जण असतात आणि त्यांच्यासमोर ‘नेट’ नावाची क्रमवारी असते. जुनी आरपीआय पद्धत टाकून २०१८-१९ पासून ती आणली. डिव्हिजन वन, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीतल्या, ३६० हून अधिक संघांना तीत क्रमांक मिळतो. समिती तो क्रमांक नुसता पाहत नाही, प्रत्येक सामना चार गटांत टाकून पाहते आणि मेख इथेच आहे. पहिल्या गटातला, म्हणजे ‘क्वाड वन’ विजय कोणता? प्रतिस्पर्धी घरच्या मैदानावर पहिल्या ३० मधला हवा, तटस्थ मैदानावर पहिल्या ५० मधला चालतो आणि त्याच्या घरी जाऊन जिंकलात तर पहिल्या ७५ मधला पुरतो. दुसऱ्या गटाच्या सीमा अनुक्रमे ७५, १०० आणि १३५ अशा आहेत, तिसऱ्याच्या १६०, २०० आणि २४०. बाकी सगळे चौथ्यात. बाहेर जाऊन जिंकणे अवघड असते, म्हणून त्याला जास्त किंमत. कल्पना चांगली आहे. पण बाहेर जायचे कोणी, हे ठरवते कोण?

ते बडे ठरवतात. हंगामात साधारण ३१ सामने असतात. त्यांतले १८ ते २० आपल्याच कॉन्फरन्समध्ये जातात. उरलेल्या अकरा-तेरांपैकी तीन-चार तटस्थ मैदानावरच्या स्पर्धांत, एक-दोन दुसऱ्या एखाद्या बड्या संघाशी आणि बाकीचे सहा-सात घरी, पैसे देऊन बोलावलेल्या दुबळ्या पाहुण्याशी. याला तिथे ‘गॅरंटी गेम’ म्हणतात. पाहुण्याला एका रात्रीचे साधारण ८० हजार ते एक लाख डॉलर मिळतात, परतीचा सामना नसतो. आता बड्या संघाच्या क्रीडा संचालकाच्या खुर्चीत बसून विचार करा. १२० व्या क्रमांकाच्या चांगल्या छोट्या संघाला घरी बोलावून हरवले, तर तो तिसऱ्या गटातला विजय, म्हणजे जवळपास शून्य. हरलो तर अंगाला डाग लागतो. त्याच्या घरी गेलो तर तोच सामना दुसऱ्या गटात मोजला जाईल, पण दोन हजार प्रेक्षकांच्या छोट्या जिममध्ये, त्यांच्या बँडच्या गोंगाटात, हरण्याची शक्यता खरी असते. त्यापेक्षा ३०० च्या पुढचा संघ आणावा आणि चाळीस गुणांनी हरवावा. म्हणून ज्या संघाची खरी भीती वाटावी, त्याला कोणी बोलावत नाही आणि त्याच्याकडे कोणी जातही नाही. छोटा संघ जितका चांगला, तितके त्याला वेळापत्रक भरणे कठीण. याहून उफराटा न्याय कुठला असेल!

चाळीस गुणांनीच का हरवायचे, तेही पाहण्यासारखे आहे. नेटमध्ये दर शंभर ताब्यांमागे तुम्ही किती गुण केले आणि किती दिले, यातला फरक मोजतात. चेंडूचे ताबे किती झाले ते असे काढतात: मैदानी फटके वजा आक्रमक रिबाउंड (आपलाच हुकलेला फटका परत मिळवणे), अधिक गमावलेले चेंडू, अधिक फ्री थ्रोची ०.४७५ पट. समजा ६० फटके, १० आक्रमक रिबाउंड, १२ गमावलेले चेंडू आणि २० फ्री थ्रो. ६० वजा १० अधिक १२ अधिक साडेनऊ, म्हणजे ७१.५ ताबे. ८० गुण केले असतील तर दर शंभरी सुमारे १११.९. प्रतिस्पर्ध्याची ताकद आणि मैदान पाहून हा आकडा पुढे वरखाली करतात. पूर्वी गुणांच्या फरकाचा एक वेगळा घटक होता आणि त्यावर १० गुणांची मर्यादा होती. २०२० मध्ये तो घटकच काढून टाकला आणि उरलेल्या सूत्रात अशी मर्यादा नाही. परिणाम असा की शेवटच्या तीन मिनिटांत २० ची आघाडी ३० वर नेली की त्या सामन्याच्या फरकात दर शंभरी सुमारे १४ गुण वाढतात. क्रमवारीच्या मध्यावर शेजारच्या संघांत दशांशाचा फरक असतो, तिथे अशा चार-पाच रात्री पुरतात. पूर्वी सामना हातात आला की प्रशिक्षक बाकावरच्या पोरांना उतरवत. आता पहिले पाच जण शेवटपर्यंत धावताना दिसले तर तो उद्धटपणा नसतो, सूत्राने लावलेली सवय असते.

एकदा डिसेंबरअखेर बड्या कॉन्फरन्सच्या सगळ्या संघांनी बाहेरचे सामने जिंकून आपापले क्रमांक वर नेले, की जानेवारीत चक्र आपोआप फिरते. आपसातला जवळजवळ प्रत्येक सामना पहिल्या नाहीतर दुसऱ्या गटात पडतो. जिंकलात तर मोठा विजय, हरलात तर ‘चांगल्या संघाकडून’ हार. २०२५ मध्ये एसईसीच्या १६ पैकी १४ संघांना प्रवेश मिळाला. टेक्सास आणि ओक्लाहोमा दोघेही आपल्या कॉन्फरन्समध्ये ६-१२, म्हणजे ६ विजय आणि १२ पराभव, असे होते. निवडीच्या वेळी टेक्सासचा एकूण हंगाम १९-१५ होता. नॉर्थ कॅरोलिना पहिल्या गटातले १३ पैकी १२ सामने हरून आत आली. तिचेच क्रीडा संचालक त्या वर्षी समितीचे अध्यक्ष होते. तिच्या चर्चेच्या वेळी ते बाहेर बसले, नियमाने सगळे बरोबर, पण थोडक्यात बाहेर राहिलेल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या लोकांना ते पटवून देणे कठीण होते.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की त्याच वर्षी कॉन्फरन्समध्ये ८-१० असा हंगाम काढलेल्या अर्कान्सासने कॅन्सास आणि सेंट जॉन्सला हरवून अंतिम १६ गाठले. आणि बाहेर ठेवायला हवी होती असे वाटलेली नॉर्थ कॅरोलिना पहिल्याच सामन्यात सॅन डिएगो स्टेटला ९५-६८ असे बुकलून गेली. मधल्या फळीतले बडे संघ कमकुवत आहेत, असे माझे म्हणणे नाहीच. त्यांना वीस संधी मिळतात, इतरांना दोन. तक्रार तेवढीच.

दोन संधींचे काय होते, ते इंडियाना स्टेटला विचारा. १९७९ मध्ये लॅरी बर्डला घेऊन अंतिम सामना खेळलेले हेच विद्यापीठ. २०२४ मध्ये ते मिझुरी व्हॅली कॉन्फरन्सचे साखळी विजेते होते, २८ विजय, ६ पराभव आणि नेटमध्ये २९ वे. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ड्रेककडून हरले आणि समितीने त्यांना बाहेर ठेवले. २९ वा क्रमांक असून ६८ मध्ये जागा नाही! ते दुय्यम एनआयटी स्पर्धेत गेले आणि अंतिम सामन्यात सीटन हॉलकडून ७९-७७ असे हरले. पुढच्या काही आठवड्यांत प्रशिक्षक जॉश शर्ट्झ सेंट लुइसला गेले. गॉगल लावून खेळणारा, सगळ्या देशाचा लाडका झालेला सेंटर रॉबी अव्हिला त्यांच्यामागे गेला. पहिल्या पाचांतले पाचही जण निघून गेले, त्यांतले दोघे टेक्सासला. हो, वर आलेले तेच टेक्सास.

लोक म्हणतात, हे ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या नोंदयादीमुळे झाले. पोर्टल २०१८ मध्ये आले, २०२१ मध्ये, वर्षभर बाहेर न बसता, एकदा संघ बदलायची मुभा मिळाली आणि एप्रिल २०२४ पासून अभ्यासात पात्र असलेल्या खेळाडूला हवे तितक्या वेळा. त्याने गळती वाढवली यात शंका नाही. पण मुलगा का जातो? मार्चमध्ये खेळायला मिळावे म्हणून. २८ सामने जिंकूनही दार बंद राहत असेल, तर तो दार उघडे असलेल्या घरी जाणारच. २०२५ च्या विजेत्या फ्लोरिडाकडे पाहा. अंतिम सामन्यात ह्यूस्टनला ६५-६३ असे हरवणाऱ्या त्या संघाचे तिन्ही मुख्य गार्ड छोट्या विद्यापीठांत घडलेले: वॉल्टर क्लेटन आयोनाचा, अलाइजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकचा, विल रिचर्ड बेलमाँटचा. लागवड एकाची, तोडणी दुसऱ्याची. प्रशिक्षकांचेही तेच. त्याच स्पर्धेत पहिल्या फेरीत धक्का देणारे तीन संघ म्हणजे मॅकनीज, ड्रेक आणि कोलोरॅडो स्टेट. महिनाभरात तिघांचेही प्रशिक्षक गेले: अनुक्रमे नॉर्थ कॅरोलिना स्टेट, आयोवा आणि मिनेसोटाला. ड्रेकचा हुकमी गार्ड बेनेट स्टर्ट्झही प्रशिक्षकामागोमाग आयोवात गेला.

मात्र दोन्ही जाण्यांत एक फरक आहे आणि त्याकडे कुणी पाहत नाही. प्रशिक्षक करार अर्धा टाकून गेला, तर त्याच्या करारात ठरलेली रक्कम जुन्या विद्यापीठाला मिळते. बहुतेक वेळा ती नवे विद्यापीठच भरते. खेळाडू गेला तर जुन्या विद्यापीठाच्या हाती भोपळा. जगभरच्या फुटबॉलमध्ये याची व्यवस्था कधीचीच आहे. व्यावसायिक खेळाडूची करार चालू असताना विक्री झाली, की हस्तांतर रकमेतले पाच टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. कॉलेजांत हस्तांतर रक्कम नसते, पण आता लेखी वेतन आहे. नव्या विद्यापीठाने खेळाडूच्या पहिल्या वर्षाच्या वेतनाइतक्या रकमेच्या दहा टक्के आधीच्या विद्यापीठाला द्यावेत. खेळाडूच्या खिशातून नव्हे, वरून. १० लाख डॉलरचा खेळाडू गेला तर छोट्याला एक लाख मिळतील, म्हणजे एका गॅरंटी गेमची बिदागी. तेवढा एक अपमान तरी वाचेल. करार दोन वर्षांचे केले, तर दरवर्षीचा एप्रिलचा बाजारही निम्मा होईल.

बिदागीवरून ‘युनिट’चा हिशेब आठवला. स्पर्धेत संघ खेळतो त्या प्रत्येक सामन्यामागे, अंतिम सामना सोडून, त्याच्या कॉन्फरन्सला एक युनिट मिळते. एका युनिटचे सहा वर्षांत मिळून सुमारे २० लाख डॉलर होतात. छोट्या कॉन्फरन्सचा एकच संघ जातो आणि बहुतेकदा पहिल्याच सामन्यात हरतो, म्हणजे एक युनिट. वर्षाला सुमारे ३ लाख ३३ हजार. अकरा विद्यापीठांत वाटले तर प्रत्येकी ३० हजार. डिसेंबरातल्या एका रात्री कुठेतरी जाऊन चाळीस गुणांनी मार खाल्ला, तर त्याच्या तिप्पट मिळतात! कॉन्फरन्स जिंकण्यापेक्षा हरायला जाणे फायद्याचे ठरवणारी ही रचना ज्यांनी केली, ते खेळाडूच्या जाहिरातीवर डोळे वटारतात.

आणि त्यात २०२५ मध्ये संघसंख्या ७२ किंवा ७६ करायची टूम निघाली. २०२६ साठी ६८ च ठेवायचे ठरले, पण विषय तेव्हा मिटला नव्हता. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. ६८ संघांच्या रचनेत शेवटचे चार निवडलेले संघ आणि शेवटचे चार कॉन्फरन्स विजेते मंगळवार-बुधवारी ओहायोतल्या डेटनमध्ये पात्रता सामने खेळतात. ७६ झाले तर २४ संघांचे १२ पात्रता सामने होतील. वाढीव आठ जागा कुणाला जातील, हे वर दिलेल्या हिशेबावरून कळतेच: ६-१२ च्या भावंडांना. आणि ६८ च्या रचनेत थेट पहिल्या फेरीत खेळणारे आणखी काही छोटे विजेते डेटनसारख्या पात्रता फेरीत ढकलले जातील. वाढवायचेच असेल तर माझी अट साधी आहे. वाढीव जागा फक्त अशा संघांना द्याव्यात, जे कॉन्फरन्सचे साखळी विजेते होते पण कॉन्फरन्सच्या शेवटच्या चार दिवसांच्या स्पर्धेत हरले. दोन महिन्यांची कमाई एका वाईट रात्रीत जाऊ नये. पूर्वी अशा विजेत्यांना निदान एनआयटीत हमखास जागा होती. २०२४ मध्ये ती हमी काढून बड्या कॉन्फरन्सच्या प्रत्येकी दोन संघांना दिली. इतक्या उघडपणे हे केले की हसावे की रडावे कळत नाही.

त्याच्या जोडीला आणखी दोन नियम, दोन्हीही खर्चाचे नाहीत. समितीने निवडायच्या संघाने हंगामात किमान दोन सामने बड्या कॉन्फरन्सबाहेरच्या, पहिल्या १५० मधल्या संघाच्या घरी जाऊन खेळलेले असावेत. आणि आपल्या कॉन्फरन्समध्ये निम्म्याहून कमी सामने जिंकलेल्या संघाला निवडू नये. दुसऱ्या नियमाने अर्कान्साससारखा एखादा चांगला संघ कापला जाईल. ती किंमत मोजावी. इंडियाना स्टेट आज मोजतेच आहे.

अभ्यासाचेही दोन शब्द, कारण खेळ विद्यापीठांचा आहे. खेळाडूने तिसऱ्या वर्षाआधी पदवीचा ४० टक्के, चौथ्याआधी ६० आणि पाचव्याआधी ८० टक्के भाग पूर्ण करायचा असतो. संघाचा एपीआर नावाचा निर्देशांकही असतो. दर सत्राला प्रत्येक खेळाडूमागे पात्र राहिल्याचा एक आणि टिकल्याचा एक असे गुण, १००० पैकी किमान ९३० हवेत. यूकॉनला, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठाला, याच कारणाने २०१३ च्या स्पर्धेबाहेर बसावे लागले आणि पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, सातवे मानांकन घेऊन तो संघ विजेता झाला. दरवर्षी विद्यापीठ बदलणाऱ्या मुलाचे क्रेडिट नव्या अभ्यासक्रमात पूर्ण धरले जात नाहीत. मग ४०-६०-८० गाठायला तो मिळेल तो विषय घेतो. पोर्टलविरुद्ध बोलायचेच तर हा मुद्दा पगारापेक्षा वजनदार आहे.

महिलांच्या स्पर्धेचे चित्र वेगळे आहे आणि पुरुषांनी तिथून काही उचलावे. २०२४ मध्ये साउथ कॅरोलिना-आयोवा अंतिम सामना १ कोटी ८९ लाख प्रेक्षकांनी पाहिला, पुरुषांचा १ कोटी ४८ लाख. असे पहिल्यांदाच घडले. तरी युनिटचे पैसे महिलांना २०२५ पासून मिळू लागले, पुरुषांना १९९१ पासून मिळतात. महिला दहा मिनिटांची चार सत्रे खेळतात आणि प्रत्येक सत्रात फाउल नव्याने मोजतात, पाचव्यापासून दोन फ्री थ्रो. पुरुष अजून वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांत अडकले आहेत. सातव्या फाउलपासून ‘एक टाकला तर दुसरा’ आणि दहाव्यापासून दोन, त्यामुळे डावाची शेवटची सहा-सात मिनिटे फ्री थ्रोच्या रेषेवर जातात. हा बदल उद्या केला तरी चालेल.

आपल्या वाचकांच्या थेट जिव्हाळ्याचा मुद्दा व्हिसाचा आहे. मुले एफ-१ व्हिसावर जातात, त्यांना सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तास काम करता येते, बाहेरच्या कामाला वेगळी परवानगी लागते, हे आपल्याकडे अनेक घरांना पाठ आहे. परदेशी खेळाडूंनाही तेच नियम लागू आहेत. आपली कितीतरी मुले जिथे अभियांत्रिकी शिकायला जातात त्या पर्ड्यूचा झॅक ईडी कॅनडाचा. दोन वर्षे ओळीने देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरूनही त्याला सहकाऱ्यांसारख्या जाहिराती करता आल्या नाहीत. केंटकीच्या ऑस्कर चिब्वेने २०२२ मध्ये संघाच्या बहामा दौऱ्यात, म्हणजे अमेरिकेबाहेर पाऊल ठेवून, जाहिरातीची कामे उरकली. जर्सीच्या विक्रीतला वाटा निष्क्रिय उत्पन्न म्हणून तुलनेने सुरक्षित मानतात, पण चित्रीकरणाला उभे राहणे हे काम ठरू शकते. शिष्यवृत्तीवर खेळायला जाणाऱ्या इथल्या मुला-मुलींनी कुठल्याही करारावर सही करण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जावे. प्रशिक्षकाचा शब्द तिथे चालत नाही, आणि व्हिसा गेला तर शिक्षणही जाते.

शेवटी संपादक महोदयांना एक विनंती. मार्चमध्ये आपण निकाल छापाल. तेव्हा अमेरिकेच्या पूर्व भागातले दुपारचे बारा म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ असतात, त्यामुळे पहिल्या फेरीचे सुरुवातीचे निकाल शहर आवृत्तीत सहज बसतील. पण नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचे निकाल देताना गुणांपुढे एकच शब्द जास्त छापा: घरी, बाहेर की तटस्थ. वाचकाला तेवढे दिले की कोण कुणाच्या दारी जायला तयार नाही, ते त्याला महिनाभरात आपोआप दिसेल.

आपला,
एक वाचक, ठाणे